मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी व्हीआर प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसोबत अनेक जण काम करतात : सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, बालगृहांतले कर्मचारी, मूल सांभाळायला घेणारी कुटुंबे, शिक्षक, डॉक्टर, पोलीस. त्यांच्यासाठी व्हीआरवर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून अनुभवायचे आभासी जग) आधारित प्रशिक्षण सुरू करू पाहणाऱ्या संस्थांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. व्हीआर प्रशिक्षण म्हणजे नेमके काय? हेडसेट लावून व्हिडिओ बघायचा, एवढेच का?

या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे ३६० अंशांचा व्हिडिओ. मान वळवाल तिकडचे दिसते, पण जागेवरून हलता येत नाही आणि घडणाऱ्या गोष्टीत हस्तक्षेप करता येत नाही. दुसरी म्हणजे संगणकावर घडवलेला त्रिमितीय प्रसंग. यात खोलीत फिरता येते, समोरच्या आभासी मुलाशी बोलता येते आणि तुम्ही कसे बोलता त्यावर मुलाचे वागणे बदलते. तिसरी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात असल्याचा अनुभव. आरशात पाहिले तर लहान मूल दिसते, आपला हात हलला की त्याचा हात हलतो आणि समोर उभा असलेला मोठा माणूस अंगावर आल्यासारखा वाटतो.

निरीक्षण शिकवायचे असेल तर पहिला प्रकार पुरतो. संवाद शिकवायचा असेल तर दुसराच लागतो. तिसरा सर्वांत प्रभावी वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत जपून वापरायचा (प्रश्न ५). याखेरीज साध्या संगणकाच्या पडद्यावर आभासी मुलाची मुलाखत घेण्याचा सरावही असतो. त्यात हेडसेट नसतो, पण संशोधनाचा आधार त्यालाही चांगला आहे (प्रश्न ४).

२. हेडसेट मुलांनी लावायचा असतो का?

नाही. हे मोठ्यांचे प्रशिक्षण आहे. मुलांच्या उपचारांत व्हीआर वापरणे हा वेगळा विषय आहे. त्याला वेगळी परवानगी आणि वेगळे तज्ज्ञ लागतात. प्रशिक्षणासाठी आणलेले हेडसेट संस्थेतल्या मुलांना ‘गंमत म्हणून’ देऊ नका. त्यात भरलेले प्रसंग मुलांसाठी बनवलेले नसतात आणि एखाद्या मुलाला त्यात स्वतःचे घर दिसू शकते.

३. आम्ही रोल-प्ले घेतोच. मग व्हीआरची गरज काय?

रोल-प्लेमध्ये सहा वर्षांच्या मुलाची भूमिका चाळिशीतला सहकारी करतो. तो मुलासारखा गप्प बसत नाही. विचारले की उत्तर देतो, उत्तरे सुसंगत असतात आणि समोरचा अडखळला की नकळत मदतही करतो. खरे मूल असे वागत नाही. ते विषय बदलते, खेळण्याकडे बघत राहते, प्रश्न नीट कळला नाही तरी ‘हो’ म्हणते. आभासी मुलाचे वागणे आधी ठरवलेले असते, म्हणून ते कुणाचीही भीड ठेवत नाही. दुसरा फायदा असा की, तोच प्रसंग वीस जणांना सारखाच देता येतो आणि त्यांच्या प्रतिसादांची तुलना करता येते. चुकण्याची मुभाही असते, कारण चुकीच्या प्रश्नाने इथे कुणा मुलाचे नुकसान होत नाही.

रोल-प्ले मात्र बंद करू नका. चिडलेल्या पालकांशी बोलणे, केस कॉन्फरन्समध्ये (एका मुलाबाबत संबंधितांच्या बैठकीत) आपले मत मांडणे, दोन विभागांतला वाद सोडवणे, या गोष्टींसाठी जिवंत माणूसच हवा. आभासी मोठ्या माणसाचा राग अजून पटत नाही. आभासी मुलाचे गप्प बसणे पटते.

४. याचा खरोखर उपयोग होतो, याला पुरावा काय?

पुरावा आहे, पण तो कशाबद्दल आहे हे वेगवेगळे बघावे लागते.

शरीरबदलाच्या अनुभवाबद्दल २०१३ मध्ये बानाकू, ग्रोटेन आणि स्लेटर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांना चार वर्षांच्या आभासी मुलाचे शरीर दिले गेले. त्यांना वस्तू प्रत्यक्षापेक्षा मोठ्या वाटल्या. तेवढ्याच उंचीच्या, पण प्रौढ अंगकाठीच्या शरीरात असलेल्यांपेक्षा हा परिणाम जास्त होता आणि स्वतःला मुलासारख्या गुणांशी जोडण्याकडेही कल दिसला. हात हलवल्यावर आभासी हात त्याच वेळी हलत नसेल, तेव्हा दोन गटांतला हा फरक उरला नाही. तुमच्या उपकरणात हालचाल मागे राहत असेल, तर प्रसंग कितीही चांगला लिहिलेला असला तरी उपयोग नाही, हा त्यातला कामाचा धडा.

मुलाखत-कौशल्याबद्दल २०१५ मध्ये पोम्पेड्डा, झप्पाला आणि सांतिला यांनी पडद्यावरच्या आभासी मुलांसोबत सराव देऊन पाहिला. सरावाला अभिप्रायाची जोड दिली तेव्हा मुलाखतीचा दर्जा सुधारला. सगळ्या कार्यक्रमाची आखणी या एका गोष्टीभोवती करावी, असे आमचे मत आहे. हेडसेट आणि डोळे दिपवणारे ग्राफिक्स नंतर; अभिप्राय आधी.

डॉक्टरांबद्दल २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आभासी रुग्ण आपल्या लहान मुलाला घेऊन दवाखान्यात येतो आणि रुग्णाशी बोलता बोलता डॉक्टरला मुलाबाबतच्या धोक्याच्या खुणा टिपता येतात का, हे पाहिले गेले. लक्ष दुसऱ्या कामात गुंतलेले असताना मुलाकडे नजर जाते का, हे लेखी परीक्षेत तपासता येत नाही. व्हीआरमध्ये येते.

सहानुभूतीबद्दलचा पुरावा मात्र मिश्र आहे. तो पुढच्या उत्तरात.

५. मुलाच्या नजरेतून अनुभव दिला की सहानुभूती वाढते ना? मग तेवढे पुरे नाही का?

पुरे नाही. उलट नुकसानही होऊ शकते.

२०२१ मध्ये मार्टिन्गानो आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. व्हीआरमुळे भावनिक सहानुभूती वाढते, पण समोरच्याला काय वाटते आणि का वाटते हे समजून घेण्याची क्षमता वाढत नाही, असे त्यांना आढळले. मुलांसोबतच्या कामात दुसरीची गरज जास्त असते. डोळ्यांत पाणी आलेला कार्यकर्ता घाईने मुलाला मिठीत घेतो, ‘मी तुला काही होऊ देणार नाही’ असे पाळता न येणारे वचन देतो, किंवा मुलाने न मागितलेला निर्णय त्याच्या वतीने घेऊन टाकतो.

दुसरा धोका आणखी खोल आहे. २०१५ मध्ये सिल्व्हरमन, ग्विन आणि व्हॅन बोव्हन यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा अनुभव दिला. त्यानंतर त्या लोकांनी अंध व्यक्तींना कमी सक्षम ठरवले. थोड्या वेळाच्या अनुभवात फक्त हतबलता कळते. त्या परिस्थितीत रोज जगणाऱ्याने कमावलेली हुशारी कळत नाही. दुर्लक्षित मुलाच्या शरीरात पाच मिनिटे घालवलेल्याला भीती कळते. तेच मूल धाकट्या भावंडाला कसे सांभाळते, मोठ्यांचा मूड पावलांच्या आवाजावरून कसा ओळखते, हे कळत नाही. म्हणून शरीरबदलाचा अनुभव कधीही एकटा देऊ नका. तो पाच-सात मिनिटांचा ठेवा आणि त्याला जोडून तोच प्रसंग मोठ्या माणसाच्या भूमिकेतून द्या, ज्यात प्रशिक्षणार्थीला काहीतरी *करावे* लागेल.

६. कोणती उपकरणे आणि किती जागा लागते?

सहा जणांच्या गटासाठी दोन स्वयंपूर्ण हेडसेट (संगणकाला न जोडता चालणारे) आणि एक राखीव. पूर्ण चार्ज केलेला हेडसेट साधारण दोन तास चालतो, म्हणून मधल्या सुट्टीत चार्जिंग ठरलेलेच असावे. बाकी सामान असे :

- चाके नसलेल्या, पण फिरणाऱ्या खुर्च्या. चाके असली की माणूस नकळत सरकत जातो आणि टेबलावर आपटतो.
- बसून करायच्या प्रसंगासाठी खुर्चीभोवती १ मीटर मोकळी जागा. उभ्याने करायच्या प्रसंगासाठी किमान २ × २ मीटर.
- प्रशिक्षकाचा स्वतःचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय राउटर. संस्थेच्या वायफायला ब्राउझरमधून लॉगिन लागत असेल तर हेडसेट बहुधा तिथेच अडतो.
- धुता येणारी सिलिकॉन आवरणे, कोरडे मायक्रोफायबर कापड आणि चेहऱ्याला लागणाऱ्या भागासाठी निर्जंतुक पुसण्या. भिंगांना अल्कोहोल लावू नका. त्यांच्यावरचा थर खराब होतो.

हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून गेलेले ऊन एका बिंदूवर गोळा होते आणि काही मिनिटांत आतला पडदा कायमचा भाजतो.

७. एक सत्र प्रत्यक्षात कसे घ्यायचे?

सहा जण, दोन खोल्या, प्रत्येक खोलीत तीन प्रशिक्षणार्थी, एक प्रशिक्षक आणि एक हेडसेट. एकाच खोलीत दोघे एकदम बोलू लागले तर मायक्रोफोन दोघांचेही ऐकतो आणि आभासी मूल भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते.

पहिली १५ मिनिटे : काय दिसणार आहे, काय दिसणार *नाही*, थांबायचे कसे, आणि लेखी संमती. पुढची ३० मिनिटे पहिली फेरी : प्रत्येकाला ३ मिनिटे हेडसेट बसवायला आणि ७ मिनिटे प्रसंगासाठी. बाकीचे दोघे पडद्यावर बघत निरीक्षणपत्रक भरतात. मग ४० मिनिटे डीब्रीफिंग, म्हणजे प्रसंगानंतरची चर्चा (प्रश्न ८), १० मिनिटे सुट्टी, ३० मिनिटे दुसरी फेरी आणि शेवटी २० मिनिटे पुढच्या कामाचे नियोजन. एकूण दोन तास पंचवीस मिनिटे.

वेळ कमी पडला की लोक दुसरी फेरी गाळतात. ती गाळू नका. डीब्रीफिंगमध्ये जे कळले ते हातून घडते का, हे तिथेच दिसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तिघांनाही तोच प्रसंग देणे. तिसऱ्याला उत्तरे पाठ झालेली असतात. घर तेच ठेवा, पण मुलाने सांगायचा तपशील आणि घरातल्या दोन-तीन खुणा बदलून किमान तीन आवृत्त्या तयार ठेवा.

८. डीब्रीफिंगमध्ये नेमके काय विचारायचे?

प्रसंग सात मिनिटांचा असेल तर चर्चा त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ चालायला हवी, आणि तिला क्रम हवा. आधी प्रतिक्रिया : ‘आत्ता कसे वाटते आहे?’ एकेका वाक्यात. मनातले बाहेर आल्याशिवाय विश्लेषण कानात शिरत नाही. मग फक्त घटना : काय दिसले, मूल काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. इथे मत नको. ‘आई बेफिकीर होती’ हे मत. ‘मुलाने दोनदा हाक मारली, आईने फोनवरून नजर काढली नाही’ हे निरीक्षण. हा फरक तिथल्या तिथे दुरुस्त करत राहणे हे प्रशिक्षकाचे मोठे काम, कारण पुढे केस फाइलमध्ये हेच उतरते.

त्यानंतर प्रश्नांची छाननी. ध्वनिमुद्रण लावा आणि प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा :

- खुले आवाहन : ‘तेव्हा काय काय झालं ते सगळं सांग.’ ‘काका आले म्हणालास, त्याबद्दल अजून सांग.’
- तपशिलाचा प्रश्न : ‘ते कुठे बसले होते?’
- बंद प्रश्न : ‘त्यांनी तुला मारलं का?’
- सूचक प्रश्न : ‘ते तुला धमकावतात, हो ना?’

पहिल्या प्रकारचे प्रश्न जास्तीत जास्त आणि आधी. शेवटच्या प्रकारचा एकही नको. मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली एनआयसीएचडी मुलाखत-पद्धत (अमेरिकेतल्या बालआरोग्य संशोधन संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी) याच तत्त्वावर उभी आहे. आधी नियम सांगणे (‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण; मी चुकलो तर मला सांग’), मग ओळख वाढवणे, मग एखाद्या साध्या घटनेवर बोलण्याचा सराव आणि त्यानंतर मूळ विषय. आपल्या प्रसंगातही हे टप्पे ठेवा. पहिल्याच मिनिटाला आभासी मूल सगळे सांगून टाकत असेल, तर तो प्रसंग वाईट सवय लावतो.

शेवटी शांततेबद्दल बोला. प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात, हे मुद्रणावरून मोजता येते. बहुतेकांना आपण बराच वेळ थांबलो असे वाटते आणि मुद्रणात दुसरा प्रश्न लगेच आलेला ऐकू येतो. दहा सेकंद थांबण्याचा सराव द्या. हेडसेटमध्ये ते दहा सेकंद फार मोठे वाटतात. मुलासमोर तेवढेच वाटतात.

९. मळमळ आणि चक्कर येते. काय करायचे?

डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, हे मूळ कारण. म्हणून प्रसंगात कृत्रिम चालणे, जिने चढणे, गाडीतून जाणे टाळा. एका जागेहून दुसरीकडे जायचे असेल तर दृश्य क्षणभर काळे करून थेट तिथे पोचवा. चित्राचा वेग सेकंदाला ७२ फ्रेमच्या खाली जाऊ देऊ नका.

बऱ्याचदा कारण साधे असते : भिंगांतले अंतर. प्रौढांच्या दोन बुबुळांमधले अंतर साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असते. आधीच्या माणसाच्या मापावर राहिलेला हेडसेट दुसऱ्याला लावला की चित्र पुसट दिसते, डोळे ताणले जातात आणि डोके दुखते. प्रत्येक वेळी भिंगे सरकवून अक्षरे स्वच्छ दिसतात का ते विचारा.

नोंद ठेवायची असेल तर १९९३ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली १६ लक्षणांची प्रश्नावली वापरा, प्रसंगाआधी आणि नंतर दोन्ही वेळा. फक्त नंतर भरून घेतली तर सकाळपासूनची डोकेदुखीही व्हीआरच्या नावावर जाते. मळमळ सुरू झाल्यावर ‘आता दोनच मिनिटे राहिली’ म्हणून प्रसंग पुढे चालू ठेवू नका. हेडसेट काढा, बसवा, पाणी द्या आणि त्या दिवशी पडद्यावरची आवृत्ती द्या. अशा व्यक्तीने लगेच गाडी चालवू नये.

१०. चष्मा, फेफरे, गरोदरपण, कमी ऐकू येणे : कुणी हेडसेट लावू नये?

चष्मा चालतो. हेडसेटसोबत येणारी अंतरपट्टी बसवा, नाहीतर चष्म्याची काच आणि भिंग एकमेकांवर घासून दोन्हींना ओरखडे पडतात. फेफऱ्याचा किंवा प्रकाशाच्या झगमगाटाने झटका येण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर व्यक्तींनी, हृदयविकार किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मथळे (बोलणे लिहून दाखवणाऱ्या ओळी) लागतात. ते बोलणाऱ्याच्या जवळ तरंगते ठेवा. नजरेसमोर चिकटवलेले मथळे मुलाचा चेहराच झाकतात.

कारण काय, हे गटासमोर विचारू नका. ‘मला पडद्यावरची आवृत्ती हवी’ एवढे पुरे असावे.

११. चांगला प्रसंग कसा लिहायचा?

सर्वांत मोठी चूक म्हणजे गरिबी आणि दुर्लक्ष यांची गल्लत. पसारा, भिंतीला ओल, एकच खोली, फाटकी चादर : कलाकाराला ‘संकटातले घर’ काढायला सांगितले की तो हेच काढतो. प्रशिक्षणार्थी मग या वस्तू टिपायला शिकतो आणि खऱ्या भेटीत गरीब कुटुंबावर शिक्का मारतो. म्हणून किमान दोन घरे बनवा. एका घरात अडचण आणि पसारा आहे, पण मूल धडपडल्यावर सरळ आईकडे जाते आणि आई हातातले काम टाकून त्याला जवळ घेते. दुसरे घर नीटनेटके आहे, खेळणी रांगेत लावलेली आहेत आणि वडील खोलीत आले की मूल बोलायचे थांबते. काळजी कुठल्या घराची करायची हे नातेसंबंधांवरून ओळखता यायला हवे, सामानावरून नव्हे.

दुसरे : काहीही न घडलेला प्रसंगही हवा. सगळ्याच प्रसंगांत छळ निघाला, तर लोक प्रत्येक घरात छळ शोधू लागतात. तीन-चार प्रसंगांच्या संचात एक तरी असा ठेवा, ज्यात योग्य निष्कर्ष ‘चिंतेचे कारण दिसले नाही, नेहमीचा आधार पुरेसा’ असा आहे.

तिसरे : प्रत्येक प्रसंगाला एकच शिकण्याचा हेतू. गृहभेटीत निरीक्षण, मुलाशी बोलणे, पालकांना शांत करणे आणि अहवाल लिहिणे, असे सगळे कोंबले तर कशावरच अभिप्राय देता येत नाही.

मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये दोन भास वेगळे सांगितले होते : आपण तिथे आहोत असे वाटणे आणि जे घडते आहे ते खरे वाटणे. दुसरा भास चित्राच्या झगमगाटावर अवलंबून नसतो. आपण वाकलो की मुलाने आपल्याकडे पाहावे, जवळ गेलो की मागे सरकावे, हे झाले तर साधे चित्रही पटते.

संहिता पूर्ण होण्याआधी ती बालपणी संस्थेत किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढलेल्या, आता प्रौढ असलेल्या काही जणांना मानधन देऊन वाचायला द्या. बहुधा ते सांगतात की मुलाला फार दीनवाणे दाखवले आहे. ते ऐका.

१२. ३६० अंशांचा व्हिडिओ आम्हीच चित्रित करू शकतो का?

करू शकता. कॅमेरा ज्याच्या नजरेतून दाखवायचा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. चार वर्षांच्या मुलाची उंची सुमारे एक मीटर असते, म्हणजे डोळे ९० सेंटिमीटरच्या आसपास येतात. चित्रीकरणात कॅमेरा हलवू नका. पात्रे कॅमेऱ्यापासून साधारण सव्वा-दीड मीटरपेक्षा जवळ आली की दोन भिंगांची चित्रे जोडण्याची रेघ त्यांच्या चेहऱ्यावरून जाते. जवळ येणे आवश्यकच असेल तर पात्र एकाच भिंगाच्या समोर ठेवा. रिझोल्युशन ८के घ्या. पडद्यावर ५.७के छान दिसते, पण हेडसेटमध्ये ते चित्र चारही बाजूंना पसरते आणि चेहऱ्यावरचे भाव धूसर होतात. लांबी तीन ते सहा मिनिटे. प्रकाशयोजनेचे दिवे आणि दिग्दर्शक लपवायला जागा नसते, हे आधीच ध्यानात घ्या.

बालकलाकार घेतला तर त्याला पूर्ण कथा कळायची गरज नाही आणि ओरडण्याचे प्रसंग त्याच्यासमोर घडायचीही नाही. मोठ्यांचे भांडण वेगळे चित्रित करा आणि मुलाच्या प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशी, ‘दारावर कुणी आलंय का बघ’ अशा साध्या सूचनेवर घ्या. ज्यांच्यासाठी तुम्ही काम करता, त्या मुलांना कधीही कलाकार म्हणून घेऊ नका.

१३. प्रत्यक्ष अत्याचार दाखवावा का? त्याशिवाय गांभीर्य कसे कळणार?

दाखवू नये. लैंगिक अत्याचाराचे दृश्य कोणत्याही स्वरूपात, संगणकावर घडवलेलेसुद्धा, नको. अनेक देशांत तो गुन्हाही आहे. शिवाय व्यावसायिक कार्यकर्त्यापुढे अत्याचार घडत नाही, त्याच्या खुणा आणि परिणाम येतात. बंद दाराआडचा आवाज आणि त्यानंतर बाहेर आलेले मूल, एवढ्यावर शिकवता येते.

१४. आभासी मुलाला एआय जोडले तर ते मोकळेपणाने बोलेल. ते चांगले नाही का?

मोकळेपणाने बोलते, हीच अडचण आहे. भाषा-मॉडेल मदत करायला घडवलेले असते. सूचक प्रश्न विचारला तरी ते भरभरून, सुसंगत तपशील देते आणि कधी संहितेत नसलेली घटनाही रचते. प्रशिक्षणार्थी शिकतो की सूचक प्रश्न विचारला की माहिती मिळते. खऱ्या मुलाच्या बाबतीत असे मिळालेले उत्तर खरे की मोठ्याने सुचवलेले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

यावरचा उपाय असा : काय घडले याचे तपशील बंदिस्त यादीत ठेवा. कुठल्या प्रकारच्या प्रश्नाला कुठला तपशील मिळेल, हे नियमांनी ठरवा. खुल्या आवाहनाला यादीतला पुढचा तपशील. बंद प्रश्नाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’. सूचक प्रश्नाला कधी चुकीचा होकार. एआयकडे फक्त दोन कामे द्या : प्रश्नाचा प्रकार ओळखणे आणि ठरलेला तपशील मुलाच्या तोंडी शोभेल असा मांडणे. खऱ्या केस फाइल, मुलाखतींची मुद्रणे किंवा मुलांची चित्रे मॉडेल घडवायला कधीही वापरू नका.

दोन व्यावहारिक गोष्टी. उत्तर यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर माणसाला ती तांत्रिक अडचण की मुलाची शांतता, हे कळत नाही आणि तो दुसरा प्रश्न टाकतो. म्हणून यंत्र विचार करत असताना मूल हालचाल करत राहील असे करा : पाय हलवणे, बाहीशी खेळणे. आणि आवाज ओळखणारी यंत्रणा बोलीभाषेवर अडखळते. ते प्रमाण जास्त असेल तर मागच्या खोलीत बसलेल्या प्रशिक्षकाने बटणे दाबून उत्तर निवडणे हा जुना मार्ग अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

१५. प्रशिक्षणार्थीच लहानपणी अशा अनुभवातून गेलेला असेल तर?

असे गृहीत धरूनच आखणी करा. प्रत्येक गटात असे कुणीतरी असू शकते. आशयाची माहिती किमान एक आठवडा आधी लेखी द्या, म्हणजे नकार द्यायला वेळ मिळतो. थांबण्याची खूण शब्दांवाचून असावी, उदाहरणार्थ हात वर करणे, आणि प्रशिक्षकाने पडद्याकडे नव्हे, माणसाकडे बघत राहावे. थरथर, श्वास रोखणे, अंग एकदम ताठ होणे ही लक्षणे दिसली तर आधी आवाज कमी करा, नाव घेऊन बोला, मग हेडसेट काढायला सांगा. न सांगता हेडसेट ओढून काढू नका. घाबरलेल्या माणसाला तो हल्ला वाटतो.

सत्रानंतर बोलायला गटाबाहेरची प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध असावी. दुसऱ्या दिवशी एक फोन करावा, कारण त्रास कधी कधी रात्री सुरू होतो.

१६. व्हीआरमधली कामगिरी बढतीसाठी किंवा भरतीसाठी वापरता येईल का?

वापरू नका. मूल्यमापनाची भीती आली की लोक सुरक्षित, पाठ केलेले प्रश्न विचारतात आणि चुकण्याची मुभा संपते.

माहितीच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल सतत नोंदवतो, काही हेडसेट नजरही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की, पाच मिनिटांपेक्षा कमी नोंदीवरून ५११ लोकांतली नेमकी व्यक्ती ९५ टक्के अचूकतेने ओळखता येते. नाव काढून टाकले म्हणजे नोंद निनावी झाली, असे होत नाही. म्हणून हालचालींची कच्ची नोंद साठवूच नका. ध्वनिमुद्रण डीब्रीफिंग झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पुसा. हेडसेट कुणाच्या वैयक्तिक खात्याने नव्हे, संस्थेच्या खात्याने चालवा.

१७. आमच्याकडे एकच हेडसेट आहे. मग?

एक जण आत, बाकीचे पडद्यावर. प्रत्येकाला वेगळे निरीक्षण द्या : एक फक्त प्रश्नांचे प्रकार नोंदवतो, दुसरा फक्त मुलाचे शरीर आणि नजर, तिसरा शांततेचे सेकंद. बघणाऱ्यांनाही बरेच शिकता येते. आत असलेल्याचे लक्ष अनेक ठिकाणी विभागलेले असते. गट चारपेक्षा मोठा मात्र नको.

१८. परिणाम किती दिवस टिकतो आणि तो मोजायचा कसा?

लॅम्ब आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधल्या कामात दिसले की, नियमित अभिप्राय थांबला की मुलाखतकारांची सुधारलेली पद्धत पुन्हा घसरते. ती माणसे व्हीआरमध्ये शिकलेली नव्हती, पण हा नियम इथे लागू न होण्याचे कारण नाही. म्हणून एकच मोठे शिबिर घेण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला एक छोटे सत्र आणि नंतर दर तिमाहीला एक, असे आखा. पैसे कमी असतील तर हेडसेटची संख्या कमी करा, सत्रांची नाही.

सत्रानंतरचा ‘आवडले का?’ हा फॉर्म मोजमाप नाही. नवे उपकरण सगळ्यांनाच आवडते. तीन आकडे पुरतात : एकूण प्रश्नांत खुल्या आवाहनांचे प्रमाण, सूचक प्रश्नांची संख्या, आणि बोलण्याच्या वेळेत मुलाचा वाटा. हे आधी, लगेच नंतर आणि तीन महिन्यांनी मोजा. शक्य आणि परवानगीचे असेल तिथे प्रत्यक्ष कामाच्या मुद्रणावर. निरीक्षणाच्या प्रसंगासाठी अहवाल वाचा : त्यात किती वाक्ये निरीक्षणाची आणि किती मतांची (प्रश्न ८).

१९. सत्राच्या दिवशी तांत्रिक गोंधळ होतो. आधी काय तपासावे?

आदल्या दिवशी सगळे हेडसेट चालू करून अद्ययावत करा आणि आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. तसे केले नाही, तर सत्र सुरू होताच हेडसेट डाउनलोड करत बसतो. प्रसंग इंटरनेटशिवाय चालतो का ते वायफाय बंद करून बघा. ज्या खोलीत सत्र आहे तिथेच सुरक्षित सीमा (हेडसेटमध्ये आखायची मोकळ्या जागेची हद्द) पुन्हा आखा. काळोखी खोली, मोठे आरसे आणि काचेच्या भिंती यांमुळे हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. फक्त ठरलेला प्रसंगच उघडेल अशी व्यवस्था करून ठेवा, म्हणजे कुणी चुकून मेनूत भटकत नाही.

२०. डीब्रीफिंगमध्ये कुणी चालू असलेल्या खऱ्या केसबद्दल सांगितले, आणि मूल आत्ता धोक्यात आहे असे लक्षात आले तर?

हे घडते. प्रसंग बघता बघता एखाद्याला आपल्या यादीतले मूल आठवते आणि मागच्या भेटीत निसटलेली खूण आत्ता लक्षात येते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच सांगा की चर्चा गोपनीय आहे, पण मुलाला धोका असल्याचे समजले तर ती गोपनीयता लागू राहणार नाही. तसे बोलणे सुरू झाले की त्या व्यक्तीला शांतपणे थांबवा आणि बाजूच्या खोलीत घ्या. मुलाचे नाव आणि तपशील गटासमोर येऊ देऊ नका. ध्वनिमुद्रण चालू असेल तर बंद करा.

नोंदवण्याची जबाबदारी ज्याला माहिती आहे त्याची. ती प्रशिक्षकाने स्वतःकडे घेऊ नये, पण ती पार पडेपर्यंत सोबत राहावे. संस्थेच्या बालसंरक्षण धोरणानुसार ज्यांना कळवायचे, त्यांचा फोन क्रमांक सत्राच्या खोलीत आधीपासून लावलेला असावा. ‘सत्र संपल्यावर बघू’ असे म्हणू नका. कळवण्याचे काम त्याच वेळी करा आणि उरलेल्या गटाला सहायकाकडे सोपवा. कळवले किती वाजता, कुणाला, काय सांगितले, याची चार ओळींची नोंद त्याच दिवशी लिहा. आणि त्या कार्यकर्त्याने ही खूण आधी का पाहिली नाही, हा विषय त्या दिवशी काढू नका.